कोपरा उडालेली खूण

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी वकीलबाईंनी फोटोमास्तरांच्या बाहेरच्या खोलीतला पडदा सारला आणि एक एक्स-रे फिल्म खिडकीच्या काचेला टेकवून धरली.

"काय दिसतं?"

फोटोमास्तर त्रेसष्ट वर्षांचे होते. त्यांतली चौतीस वर्षं एक्स-रे विभागात गेली. रांगेतले लोक एक्स-रेला फोटोच म्हणतात, त्यामुळे त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि फिल्मजवळ गेले.

"उजवा हात. कोपरापासून मनगटापर्यंत. करंगळीच्या बाजूचं हाड मधोमध मोडलंय." जरा थांबून ते म्हणाले, "पडून मोडलेलं नाही हे."

"कशावरून?"

"पडणारा माणूस तळहात टेकतो. मग मनगटापाशी मोडतं. डोक्यावर येणारा घाव हात आडवा घालून झेलला की असं मधोमध मोडतं."

"मी हाडाचं विचारत नव्हते," वकीलबाई म्हणाल्या. "कोपऱ्यात बघा."

कोपऱ्यात एक पांढरी खूण होती, उजवी बाजू कोणती ते सांगणारी. फोटो काढणारा शिशाची अशी खूण चिकटपट्टीने फिल्मच्या पेटीवर लावतो. शिशातून किरण जात नाहीत, म्हणून ती फिल्मवर पांढरी उमटते. ती नसेल आणि फिल्म उलटी धरली गेली, तर उजवा हात डावा होतो आणि डॉक्टर भलत्याच हाताला सुरी लावतो. ज्याची खूण त्याच्या खिशात असते, ती कुणी कुणाला देत नाही. फिल्मवरच्या या खुणेचा खालचा एक कोपरा उडालेला होता.

फोटोमास्तर खुर्चीत बसले. त्यांना पाणी हवं का, असं वकीलबाईंनी विचारलं. ते नको म्हणाले.

युद्ध संपून पंधरा वर्षं झाली होती. शत्रूच्या पकडलेल्या माणसांसाठी तेव्हा चार महिने जी छावणी चालवली होती, तिथे कैद्यांना मारहाण झाली असा आरोप अधूनमधून होत असे. सरकारचं उत्तर ठरलेलं होतं: पुरावा नाही. गेल्या वर्षी एका बंद पडलेल्या लष्करी दवाखान्यातलं सामान भंगारात निघालं. जुन्या फिल्ममध्ये थोडी चांदी असते. ती काढणाऱ्या कारखान्यात फिल्म टाकीत सोडणाऱ्या बाईने सदतीस फिल्म बाजूला ठेवल्या. त्या सगळ्यांच्या नावाच्या पट्ट्या कात्रीने कापलेल्या होत्या, आणि अकरा वर्षांच्या नोकरीत तिने असं पाहिलं नव्हतं. तिथून त्या फिल्म चौकशी समितीपर्यंत पोहोचल्या. वकीलबाई समितीच्या वकील होत्या.

"संरक्षण खातं म्हणतं, या फिल्म कुठल्याही दवाखान्यातल्या असतील, कुणाच्याही असतील," त्या म्हणाल्या. "नाव नाही, तारीख नाही. आहे ती एवढी खूण. छावणीत त्या चार महिन्यांत फोटो काढणारे तुम्ही एकटेच होता. खूण तुमची आहे का?"

"निवृत्त झालो तेव्हा भांडारात जमा केली. वितळवलीही असेल."

"मग तुमच्या हातची दुसरी एखादी फिल्म? नाव, तारीख असलेली, याच खुणेची? दवाखाने दहा वर्षांनी फिल्म नष्ट करतात, ते मी तपासलंय. एखाद्याच्या घरी राहिलेली?"

आतल्या खोलीत शिलाई मशीन चालू होतं. ते थांबलं.

"आठवून सांगतो," फोटोमास्तर म्हणाले.

"शुक्रवारी अकराला सुनावणी आहे." ती फिल्म नक्कल होती. वकीलबाई ती टेबलावर ठेवून गेल्या.

आतल्या खोलीत त्यांची बहीण होती. त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान. नवरा गेल्यावर मुलाला घेऊन ती भावाकडे आली, त्याला नऊ वर्षं झाली. घरात तिला अजून चिमी म्हणत. शाळांचे गणवेश शिवून तिने मुलाला वाढवलं. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून त्याचं नाव ढब्या पडलं. पुढे तो काठीसारखा उंच झाला तरी नाव सुटलं नाही. ढब्या एकवीस वर्षांचा होता, सैन्यात होता, आणि त्या मंगळवारी त्याला सीमेपलीकडच्यांनी पकडून एक्केचाळीस दिवस झाले होते. नव्याने उसळलेल्या चकमकीत सहा जण सापडले होते. यादीत तो चौथा होता.

"कोण होती?" तिने विचारलं.

"ऐकलंस ना सगळं."

"ऐकलं. मग आता काय आठवणार आहेस तू?"

फोटोमास्तरांनी कपाळावरचा चष्मा काढून पुसायला घेतला.

"पंधरा वर्षं मूग गिळून बसलास दादा, मी कधी विचारलं नाही. छावणीतून आलास तेव्हा महिनाभर आमच्या घरी भिंतीकडे तोंड करून झोपायचास, तेव्हाही नाही विचारलं. आताच बरा कंठ फुटतोय? माझं पोर त्यांच्या ताब्यात असताना?"

"मी अजून काही बोललेलो नाही, चिमे."

"बोलशील. तुला मी ओळखते. तुला माणसं आतून दिसतात रे, हाडं न हाडं दिसतात. बाहेर उभं असलेलं माणूस दिसत नाही."

ती उठून तिच्या कपाटापाशी गेली आणि त्याला कुलूप लावलं. त्या कपाटात काय आहे ते दोघांनाही ठाऊक होतं. नऊ वर्षांचा असताना ढब्या शाळेच्या भिंतीवरून पडला होता. त्याचा फोटो मामाने काढला होता. उजवं मनगट. वर नाव, वय, तारीख, कोपऱ्यात खूण. मुलाच्या कागदपत्रांबरोबर तिने तो बारा वर्षं जपला होता. किल्ली तिने कमरेला खोचली.

बुधवारी दुपारी तीन वाजता संरक्षण खात्याचे उपसचिव आले. सोबत कुणी नव्हतं. चप्पल दाराबाहेर काढून आत आले, चहा घेतला, साखर नीट पडली आहे म्हणाले. चाळिशीतला, मवाळ बोलणारा माणूस होता.

"तुमच्यावर दबाव आणायला आलेलो नाही," ते म्हणाले. "फक्त परिस्थिती सांगतो. आपल्या सहा जणांबद्दल बोलणी चालू आहेत. अशा वेळी आपणच आपले हात काळे दाखवले, तर पलीकडच्यांना आयतं कोलीत मिळेल. बाहेर काढायचं की नाही, हा माझ्या दृष्टीने प्रश्न नाही. आत्ता काढायचं का, हा प्रश्न आहे."

"पंधरा वर्षांत 'आत्ता नाही' असं किती वेळा म्हणालात?" फोटोमास्तरांनी विचारलं.

उपसचिव हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "खूप वेळा. दर वेळी काही ना काही कारण होतं. या वेळचं कारण तुमच्या घरातलं आहे, एवढाच फरक."

त्यांनी बॅगेतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. छावणीच्या एक्स-रे नोंदवहीच्या पानाची ती नक्कल होती. अक्षर फोटोमास्तरांचं होतं, गोल आणि स्वच्छ. 'दुखापतीचं कारण' या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच वाक्य होतं: जिन्यावरून पडून.

"समितीकडे ही वही अजून नाही. तुम्ही फिल्म ओळखल्यात, तर मला ही द्यावी लागेल. सदतीस खोट्या नोंदी, तुमच्या हातच्या. गुन्हा होतो की नाही ते वकील सांगतील." त्यांनी कप बशीत ठेवला. "पंधरा वर्षं झाली. तुमचं वय त्रेसष्ट. 'आठवत नाही' म्हणालात, तर कुणालाही नवल वाटणार नाही. त्यात खोटंही काही नसेल. माणसं विसरतात."

जाताना ते चिमीलाही नमस्कार करून गेले. "मुलगा सुखरूप येईल, बाई," असं म्हणाले. ती दारातच उभी राहिली, ते कोपऱ्यावर वळेपर्यंत.

"भला माणूस आहे," ती म्हणाली.

"भलाच आहे."

"मग ऐक की त्याचं."

फोटोमास्तरांनी नोंदवहीच्या नकलेवर बोट ठेवलं. "छावणीचा दवाखाना बैठा होता. पत्र्याची तीन लांब दालनं. कैद्यांच्या बराकीही बैठ्या. तिथे जिनाच नव्हता, चिमे. एक पायरीसुद्धा नव्हती. छावणीच्या कॅप्टनने सांगितलं, 'लिही, जिन्यावरून पडून.' मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. सदतीस माणसं नसलेल्या जिन्यावरून पडली, आणि माझं अक्षर एकदासुद्धा हललं नाही. बघ ना, कसं छान आहे."

तिने कागद पाहिला नाही. ती मशीनवर जाऊन बसली.

गुरुवारी सकाळी तिने खिडकीत उन्हं आल्यावर टेबलावरची नक्कल उचलली आणि वकीलबाईंनी धरली होती तशीच काचेवर धरली. फोटोमास्तर दाढी करत होते. आरशातून त्यांना ती दिसली.

"उलटी धरलीयस."

तिने फिरवली. "मनगटाशी ही काळी रेघ कसली? इथेही मोडलंय का?"

"नाही. ती वाढीची रेघ. हाड वाढतंय तोवर टोक वेगळं दिसतं. वाढ संपली की रेघ बुजते."

"म्हणजे माया ठेवलेली," ती म्हणाली. मुलांच्या कपड्यांना ती शिवणीच्या आत दोन बोटं कापड राखायची. वर्षभराने उसवून कपडा मोठा करता यायचा. "मग हा वाढायचा होता अजून."

"हो."

"किती वर्षांचा असेल?"

"सोळा. फार तर सतरा."

"सैनिक होता?"

"मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही."

"बोलला काही?"

फोटोमास्तरांनी वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या गालावर साबण तसाच होता. "मी त्याला म्हणालो, हलू नकोस. त्याला आपली भाषा येत नव्हती. मी श्वास धरून दाखवला, तसा त्यानेही धरला. हाताच्या फोटोला श्वास धरावा लागत नाही. छातीच्या लागतो. हे त्याला सांगायचं राहिलं. फोटो होऊन गेला तरी तो धरूनच बसला होता."

तिने फिल्मच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मग तिने विचारलं, "तुला खूण लावू नको म्हणाले नव्हते?"

"म्हणाले होते. नाव नको, नंबर नको, काही नको. नावाच्या पट्ट्या कोऱ्या असल्या तरी ते स्वतः कापायचे."

"मग लावलीस कशी?"

"हात गेला. पेटी ठेवली की हात खिशात जातो, खूण काढतो, चिकटवतो. फिल्म धुवून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. पण कॅप्टनने हाड बघितलं, डॉक्टरने हाड बघितलं, कोपऱ्यात कुणीच बघितलं नाही."

"ती पहिली. बाकीच्या छत्तीस?"

"त्याचं मला खरंच सांगता येत नाही," ते म्हणाले.

तिने कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि ढब्याची फिल्म आणून त्या फिल्मशेजारी काचेवर धरली. दोन उजवी मनगटं. दोन्हींत ती रेघ, ढब्याची रुंद, त्याची बारीक. दोन्ही कोपऱ्यांत तीच खूण, खालचा कोपरा उडालेली.

"तिकडे कुणी असेल का रे," ती म्हणाली, "फोटो काढणारं?"

"असेलच. दवाखाना असतोच."

"ढब्याला काही झालं, तर तो काय लिहील? जिन्यावरून पडला म्हणूनच लिहील ना?"

"चिमे..."

"नाही, मला कळतंय. तू बोललास तर त्याला मारतील, असं तो साहेब म्हणाला. न बोललास तर मारणार नाहीत, असं काही तो म्हणाला नाही. मी कालपासून तेच आठवतेय. ते काही तो म्हणाला नाही." तिने ढब्याची फिल्म खाली घेतली आणि पदराने काचेवर टेकलेली बाजू पुसली. "ही मी देणार नाही तुझ्याकडे. मी येते. माझ्या हाताने देईन. आणि तोंड धू, साबण वाळलाय."

सुनावणी बंद दारांआड होती. सरकारी इमारतीच्या तळमजल्यावरची लांब खोली, एक लांब टेबल, भिंतीला टेकवलेली उजेडाची पेटी. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, त्यांना कमी ऐकू येत होतं, म्हणून सगळेच जरा मोठ्याने बोलत होते. उपसचिव टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. चिमीला बाहेर थांबायला सांगितलं, तेव्हा तिने फिल्मचं पाकीट छातीशी धरलं आणि शिपायाला म्हणाली, "वस्तू हवीय ना? मग वस्तू माझ्याबरोबर येते." वकीलबाईंनी तिला खुर्ची दिली.

दोन्ही फिल्म पेटीवर लावल्या. अध्यक्षांनी भिंग मागवलं. कोपऱ्यातल्या खुणा पाहायला त्यांनी चार मिनिटं घेतली.

"ही तुमची खूण?" त्यांनी विचारलं.

"होय. कामाच्या तिसऱ्या वर्षी फरशीवर पडून कोपरा उडाला. बदलून घेतली नाही, कारण त्यामुळेच ती लगेच ओळखू यायची."

"या सदतीस फिल्म तुम्ही छावणीत काढल्यात?"

"होय."

वकीलबाईंनी पुढचा प्रश्न विचारला. "मनाई असताना तुम्ही खूण लावलीत. पुढे कधीतरी पुरावा राहावा, म्हणून?"

खोलीतल्या सगळ्यांना होकार हवा होता, कदाचित उपसचिवांनासुद्धा. होकार सगळ्यांना शोभला असता.

"नाही," फोटोमास्तर म्हणाले. "पहिली सवयीने लागली. पुढच्यांचं मला ठाऊक नाही. शूर असतो तर खूण लावली नसती, फोटो काढायलाच नाही म्हणालो असतो."

मग त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि अध्यक्षांसमोर ठेवला. "नोंदवहीचं पान. खात्याकडे पूर्ण वही आहे, मागून घ्या. अक्षर माझं आहे. सगळं खोटं आहे. तिथे जिना नव्हता, हे इमारतीच्या नकाशातही दिसेल."

उपसचिवांनी पेनचं टोपण लावलं. "साहेब, मला एकच नोंदवायचं आहे. साक्षीदाराचा भाचा पलीकडच्यांच्या ताब्यात आहे. परिणामांची त्यांना कल्पना आहे का?"

अध्यक्षांना ऐकू गेलं नाही. उपसचिवांना ते पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला.

उत्तर चिमीने दिलं. "त्याची आई इथे बसलीय. कल्पना आहे."

एक वाजून दहा मिनिटांनी समितीने निर्णय दिला: सदतीस फिल्म आणि नोंदवही जाहीर कराव्यात. साक्षीदाराचं नाव झाकायची सोय होती. फोटोमास्तरांनी ती नाकारली. ढब्याच्या फिल्मवरचं नाव मात्र काळ्या पट्टीने झाकायचं ठरलं. वकीलबाई पट्टी लावत असताना चिमी जवळ जाऊन उभी राहिली.

"नाव झाका," ती म्हणाली. "वय राहू द्या."

शनिवारी फिल्म वर्तमानपत्रांत आल्या. एका वर्तमानपत्राने त्या हाताचा फोटो उलटा छापला, डावा करून. फोटोमास्तरांनी संपादकांना दोन ओळींचं पत्र लिहिलं. दुपारपर्यंत तीन शेजाऱ्यांनी बोलणं सोडलं आणि एक, जो कधी बोलत नव्हता, तो चहाला आला. उपसचिवांचा फोन आला नाही. पलीकडून सहा जणांबद्दल काहीच बातमी नव्हती, बरी नाही, वाईटही नाही.

सोमवारी दोघं मदत संस्थेच्या कार्यालयात गेले. युद्धात सापडलेल्यांना घरच्यांनी लिहायचा तिथे एक छापील कागद मिळतो. जास्तीत जास्त पंचवीस शब्द, फक्त घरची खुशाली, बाकी काही लिहिलं तर कागद परत येतो. चिमीने पहिल्या कागदावर 'मामाने' एवढंच लिहिलं आणि थांबली. खिडकीमागच्या माणसाने मान हलवली. तिने दुसरा कागद घेतला आणि एकेक शब्द बोटांवर मोजत लिहिलं:

"मी बरी आहे. मामा बरा आहे. तुझे दोन शर्ट शिवायला घेतलेत. खांद्यात माया ठेवली आहे. हाताची काळजी घे. आई."

"उत्तर कधी येतं?" तिने विचारलं.

"चार आठवडे. कधी सहा," तो माणूस म्हणाला. "कधी येतही नाही."

तिने तारीख भावाला लिहून घ्यायला सांगितली. फोटोमास्तरांनी ती नेहमीच्या गोल, स्वच्छ अक्षरात लिहिली. मग थोडा वेळ ते त्या अक्षराकडे बघत राहिले.